पॅप टेस्टचा रिपोर्ट 'ॲबनॉर्मल' आला, आता पुढे काय? दुसऱ्या तपासणीला न जाणं का महागात पडू शकतं?

गावात आरोग्य शिबिर लागतं. आशाताई घरी येऊन दोनदा सांगून जातात, म्हणून चाळिशीतली एखादी ताई जाऊन गर्भाशयमुखाची तपासणी करून घेते. पंधरा दिवसांनी निरोप येतो, "रिपोर्टमध्ये थोडं काहीतरी आलंय, जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन दाखवा."

ताईला तर कसलाच त्रास नाही. पाळी नियमित आहे, पोटात दुखत नाही, घरातली आणि शेतातली कामं रोजच्यासारखी चालू आहेत. मग सोयाबीन निघालं की जाऊ असं ठरतं. त्यानंतर दिवाळी येते. मग मुलीची दहावी. रिपोर्टचा कागद कपाटात साड्यांच्या खाली जातो आणि तिथेच राहतो.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण असं घडणं अजिबात दुर्मीळ नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल बोलताना आपण 'तपासणी करा' एवढंच सांगतो. तपासणीत काही आढळलं तर पुढे काय करायचं, याबद्दल फारसं बोललं जात नाही. खरं तर जीव वाचतो तो या पुढच्या टप्प्यावर.

रिपोर्ट ॲबनॉर्मल येण्याचा अर्थ काय, पुढे नेमकं काय करतात, बायका परत का जात नाहीत आणि घरच्यांनी काय करायला हवं, हे समजून घेऊ.

आधी थोडे आकडे

भारतात स्त्रियांमध्ये स्तनांच्या कॅन्सरखालोखाल गर्भाशयमुखाचा कॅन्सर आढळतो. ग्लोबोकॅन या जागतिक नोंदीच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला.

दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं की देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केली होती. म्हणजे शंभरातल्या दोघीसुद्धा नाहीत. त्यामुळे ज्या मोजक्या स्त्रिया तपासणीपर्यंत पोहोचतात, त्यांच्यातली एक जरी अर्ध्या वाटेवरून परत फिरली, तरी ते मोठं नुकसान असतं.

हा कॅन्सर हळू वाढतो, आणि हीच आपली संधी आहे

गर्भाशयाचा योनीकडे उघडणारा खालचा भाग म्हणजे गर्भाशयमुख. बोलीभाषेत आपण त्याला 'पिशवीचं तोंड' म्हणतो. या जागी होणाऱ्या कॅन्सरचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, ते म्हणजे एचपीव्ही अर्थात ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यातले साधारण डझनभर प्रकार धोक्याचे. १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार सगळ्यात जास्त त्रासदायक आहेत, कारण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात.

हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलून लावतं. कळतही नाही. थोड्या स्त्रियांमध्ये मात्र तो ठाण मांडून बसतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदललेल्या अवस्थेला 'कॅन्सरपूर्व बदल' म्हणतात. डॉक्टर त्याच्या तीन पायऱ्या मानतात: सीआयएन १, सीआयएन २ आणि सीआयएन ३.

पहिल्या पायरीवरचे बदल बहुतेक वेळा आपोआप बरे होतात. दुसऱ्या पायरीवरचेही पुष्कळदा मागे हटतात. तिसरी पायरी मात्र गंभीर असते. संसर्गापासून कॅन्सरपर्यंतच्या प्रवासाला साधारणपणे १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो.

म्हणजे हा कॅन्सर व्हायच्या आधीच पकडता येतो आणि थांबवता येतो. इतका मोठा अवधी फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळतो. अडचण एवढीच की या सगळ्या काळात बाईला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, रक्त जात नाही. ज्या दिवशी त्रास सुरू होतो, त्या दिवशी बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणूनच 'मला काही त्रास नाही' हे पुढच्या तपासणीला न जाण्याचं कारण होऊ शकत नाही.

रिपोर्टमधले शब्द आणि त्यांचा अर्थ

आपल्याकडे तीन प्रकारे तपासणी होते.

पहिली व्हीआयए. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ही तपासणी करण्याचं धोरण आहे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगरसारखं द्रावण लावतात आणि मिनिटभर थांबून पाहतात. बदललेल्या पेशींची जागा पांढरट दिसते. असं दिसलं तर 'व्हीआयए पॉझिटिव्ह'. यात साध्या जळजळीमुळेही पांढरं दिसू शकतं. त्यामुळे पॉझिटिव्ह आलेल्या अनेक स्त्रियांमध्ये पुढे काहीच सापडत नाही.

दुसरी पॅप टेस्ट. यात गर्भाशयमुखावरच्या पेशी ब्रशने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तिच्या रिपोर्टमध्ये पुढचे शब्द दिसू शकतात:

इन्फ्लमेटरी: सूज किंवा जळजळ. हा कॅन्सर नाही. त्रास असेल तर औषध दिलं जातं.

अनसॅटिस्फॅक्टरी: नमुना नीट आला नाही. याचा अर्थ 'नॉर्मल' असा नाही. काही आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करावी लागते.

एएससी-यूएस: पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नक्की सांगता येत नाही. सर्वाधिक वेळा दिसणारा ॲबनॉर्मल शेरा हाच. पुढे एचपीव्ही टेस्ट करतात किंवा ठरावीक काळाने पॅप पुन्हा करतात.

एलएसआयएल: सौम्य बदल. बहुधा चालू असलेल्या एचपीव्ही संसर्गाचा परिणाम. वय आणि एचपीव्ही रिपोर्ट पाहून डॉक्टर पुढचं ठरवतात.

एएससी-एच, एचएसआयएल किंवा एजीसी: यापैकी काहीही लिहिलेलं असेल तर थांबायचं नाही. कॉल्पोस्कोपीसाठी लवकरात लवकर जायचं.

तिसरी एचपीव्ही टेस्ट. यात धोक्याचा विषाणू आहे का ते पाहतात. जागतिक आरोग्य संघटना आता याच टेस्टला पहिली पसंती देते. १६ किंवा १८ हा प्रकार सापडला तर सहसा थेट कॉल्पोस्कोपी सुचवतात. इतर प्रकार असतील तर पॅप टेस्ट करून किंवा वर्षभराने पुन्हा तपासून पुढचं ठरतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. यातला कुठलाही रिपोर्ट 'तुम्हाला कॅन्सर आहे' असं सांगत नाही. 'नीट बघायला हवं' एवढंच सांगतो. आणि नीट बघितल्याशिवाय 'काही नाही' असंही म्हणता येत नाही.

कॉल्पोस्कोपीत नेमकं काय करतात?

नाव ऐकून अनेकींना ऑपरेशन वाटतं. प्रत्यक्षात कॉल्पोस्कोप ही दुर्बिणीसारखी भिंगं असलेली यंत्रणा असते आणि ती शरीराच्या बाहेरच राहते. पॅप टेस्टला झोपतात तसंच झोपायचं असतं. डॉक्टर ॲसिटिक ॲसिड आणि कधी आयोडीन लावून गर्भाशयमुख मोठं करून पाहतात. एखादी जागा संशयास्पद वाटली तर तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ती बायोप्सी.

सगळं मिळून १०-२० मिनिटांचं काम. भूल द्यावी लागत नाही. तुकडा काढताना चिमटा घेतल्यासारखं किंवा पाळीत पोट आवळतं तसं वाटू शकतं. नंतर दोन-चार दिवस थोडा लालसर किंवा काळपट स्राव जातो. त्याच दिवशी घरी जाता येतं.

तारीख शक्यतो पाळीच्या दिवसांत घेऊ नये. आदल्या एक-दोन दिवसांत शरीरसंबंध आणि योनीत ठेवायच्या गोळ्या-क्रीम टाळावेत. गरोदर असाल तर आधी सांगावं.

उपचार म्हणजे पिशवी काढणं?

नाही. आणि ही भीती घालवणं फार गरजेचं आहे.

कॅन्सरपूर्व बदल आढळला तर बहुतेक वेळा फक्त तेवढा भाग नष्ट करतात किंवा काढतात. गोठवून (क्रायोथेरपी), उष्णता देऊन (थर्मल ॲब्लेशन) किंवा विजेच्या बारीक तारेने तेवढा पापुद्रा काढून (लीप). हे उपचार बहुधा जागेवर भूल देऊन किंवा भूल न देताही होतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. गर्भाशय जागेवरच राहतं, पाळी चालू राहते, पुढे मूलही होऊ शकतं. लीपनंतर वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी वाढते. त्यामुळे मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं.

महाराष्ट्रात ही भीती हवेतून आलेली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तेव्हा 'दवाखान्यात गेलं की पिशवी काढतात' असं एखादी म्हणत असेल तर तिला अडाणी ठरवू नका. तिला हे सांगा: नुसत्या पॅप रिपोर्टवर कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर आधी कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सी झाली का ते विचारायचं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. तो तिचा हक्क आहे.

वेळेवर उपचार झाले नाहीत तर? न्यूझीलंडचा कटू धडा

'काही न करता वाट पाहिली तर काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर जगाला एका वाईट प्रकरणातून मिळालं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांचं मत होतं की गर्भाशयमुखातले गंभीर कॅन्सरपूर्व बदल सहसा कॅन्सरमध्ये बदलत नाहीत. त्यामुळे अनेक स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता त्यांना फक्त निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. बऱ्याच जणींना याची कल्पनाही नव्हती. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी एका मासिकातून हे उघड केलं. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली आणि १९८८ मध्ये अहवाल दिला.

पुढे संशोधकांनी त्या काळातल्या सगळ्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २००८ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात आला. सीआयएन ३ असूनही ज्यांच्यावर फक्त छोटी बायोप्सी झाली, पण उपचार झाले नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांच्यावर योग्य उपचार झाले, त्यांच्यात हे प्रमाण होतं ०.७ टक्के.

म्हणजे एकीकडे शंभरातल्या ३१, दुसरीकडे शंभरात एकही नाही म्हणावं इतकं कमी. मधे होता तो योग्य उपचार.

त्या स्त्रियांना उपचार मिळाले नाहीत, कारण डॉक्टरांनी दिले नाहीत. आपल्याकडे उपचार असतात, पण बाई तिथपर्यंत पोहोचत नाही. पेशींना हा फरक कळत नाही.

महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या अभ्यासांनी काय दाखवलं?

या विषयावरचं जगातलं महत्त्वाचं काम आपल्या राज्यात झालं आहे.

पहिला अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. १९९९ पासून ५२ ग्रामीण विभागांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना यात घेतलं गेलं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल यांचा त्यात सहभाग होता. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हीआयए आणि चौथा गट तुलनेसाठी. पॉझिटिव्ह आलेल्यांची पुढची तपासणी आणि उपचार करण्याची व्यवस्था होती.

आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा एचपीव्ही टेस्ट झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते. तुलनेच्या गटातल्या सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांमध्ये ६४. आयुष्यात एकदा झालेल्या टेस्टने आणि तिच्यामागोमाग झालेल्या उपचारांनी मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आणला. बाकी दोन पद्धतींत इतका स्पष्ट फरक दिसला नाही. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांमधला. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तो केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए तपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. १२ वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

आता या अभ्यासातले दोन आकडे नीट पाहा.

पहिला: तपासणीला ८९ टक्के स्त्रिया आल्या. पण पॉझिटिव्ह आल्यावर खात्रीच्या तपासणीसाठी गेल्या ७९.४ टक्के. आरोग्यसेविका वस्तीत येत होत्या, हॉस्पिटल त्याच शहरात होतं, तरीही पाचातली एक बाई पुढे गेलीच नाही. मग जिथे शिबिर एक दिवसाचं असतं, रिपोर्ट कुरिअरने येतो आणि जिल्ह्याचं ठिकाण ६० किलोमीटरवर असतं, तिथे काय होत असेल याचा विचार करा.

दुसरा: दोन्ही गटांत कॅन्सर होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. पण कॅन्सर झालेल्यांपैकी तपासणीच्या गटात ८६ टक्के स्त्रियांनी उपचार घेतले, तुलनेच्या गटात ७२ टक्के. वस्तीत सतत येणारं, ओळखीचं, पाठपुरावा करणारं माणूस असलं की बाई उपचारांपर्यंत पोहोचते.

या अभ्यासांवर टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी का केली नाही, असा नैतिक प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्तच आहे. पण त्या स्त्रियांच्या सहभागातून जे कळलं, ते वाया जाऊ देणं हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय ठरेल.

बायका परत का जात नाहीत?

'निष्काळजीपणा' हे सगळ्यात सोपं आणि बहुतेक वेळा चुकीचं उत्तर आहे. खरी कारणं अशी असतात:

रिपोर्ट पोहोचतच नाही. फॉर्मवर नवऱ्याचा नंबर असतो. फोन त्याच्या खिशात, तो कामावर. निरोप द्यायचा राहून जातो.

रिपोर्ट कळत नाही. कागद इंग्रजीत असतो. कुणीतरी 'इन्फेक्शन आहे' म्हणतं, मेडिकलमधून गोळ्या घेतल्या जातात आणि विषय संपतो.

कॅन्सर या शब्दाची भीती. 'कळलंच नाही तर बरं' असं वाटतं. भीतीपोटी टाळणारी बाई बेफिकीर नसते, ती रात्री जागी असते.

लाज आणि आधीचा अनुभव. पुरुष डॉक्टर, पडदा नसलेली खोली, 'एवढं काय ओरडता' असं बोलणं. असा एक अनुभव आला की बाई पुन्हा ती पायरी चढत नाही.

पैसा आणि दिवस. तपासणी फुकट असली तरी रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं, सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. एकदा जाऊन 'आज डॉक्टर नाहीत, मंगळवारी या' ऐकलं की मंगळवार येतच नाही.

स्थलांतर. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेलं कुटुंब उन्हाळ्यात परत येतं. त्या काळातली कुठलीही तारीख पाळणं अशक्य असतं.

घरातला संशय. एचपीव्ही लैंगिक संबंधांतून पसरतो हे कळलं की 'हा आला कुठून?' हा प्रश्न उभा राहतो. याचं उत्तर स्पष्ट आहे: हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे कोणतीही टेस्ट सांगू शकत नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट हा कुणाच्याही चारित्र्याचा दाखला नाही, ना बायकोच्या, ना नवऱ्याच्या.

शेवटचं कारण म्हणजे स्वतःचा नंबर शेवटी लावायची सवय. मुलांचं, सासूबाईंचं, नवऱ्याचं दुखणं आधी. आपलं अंगावर काढायचं.

व्यवस्थेने काय करायला हवं?

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये हा कॅन्सर हद्दपार करण्यासाठी ९०-७०-९० हे लक्ष्य मांडलं. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ आणि ४५ व्या वर्षी खात्रीशीर टेस्ट, आणि ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यापैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार. शेवटचा ९० हा आकडा आपल्या विषयाचा.

तो गाठायचे मार्ग माहीत आहेत. एक म्हणजे 'तपासा आणि लगेच उपचार करा'. योग्य असेल तिथे व्हीआयए पॉझिटिव्ह आलेल्या बाईवर त्याच भेटीत थर्मल ॲब्लेशन करता येतं. यंत्र हातात मावेल एवढं असतं. दुसरी फेरीच नको, म्हणजे गळतीही नको. दुसरा, पॉझिटिव्ह स्त्रियांची वेगळी यादी ठेवून आशाताई किंवा नर्सने घरी जाणं. तिसरा, जिल्हा रुग्णालयात कॉल्पोस्कोपीचा ठरलेला वार आणि तो पाळणारे डॉक्टर. शिबिर घेणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनी 'किती जणींची तपासणी केली' या आकड्यासोबत 'पॉझिटिव्ह आलेल्या किती जणी पुढे गेल्या' हाही आकडा बॅनरवर लिहायला हवा.

उपचार झाले, म्हणजे संपलं?

इथेही एक गळती होते. लीप किंवा क्रायो झाल्यावर 'आता सुटले' असं वाटून अनेक जणी परत जात नाहीत. पण काही जणींमध्ये बदल पुन्हा उद्भवू शकतात. म्हणून उपचारांनंतर साधारण ६ ते १२ महिन्यांत पुन्हा टेस्ट करतात आणि पुढेही बरीच वर्षं ठरावीक अंतराने तपासणी चालू ठेवायला सांगतात. तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

लसीबद्दल दोन शब्द. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय बनावटीची एचपीव्ही लस आता उपलब्ध आहे. मुलींना ती जरूर द्या. पण लस आधीच झालेला संसर्ग किंवा पेशींतले बदल बरे करत नाही. रिपोर्ट ॲबनॉर्मल आलेल्या आईने 'लस घेतली की झालं' असं समजू नये.

रिपोर्ट हातात आला की हे करा

१. रिपोर्टचा फोटो काढून स्वतःच्या आणि एका विश्वासातल्या माणसाच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कागद फाइलमध्ये लावा.

२. तपासणीच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहा. तो नसेल तर बहिणीचा, मैत्रिणीचा किंवा मुलीचा. तीन आठवड्यांत रिपोर्ट आला नाही तर आपण होऊन विचारा. 'कळवलं नाही म्हणजे चांगलंच असेल' असं धरू नका.

३. डॉक्टरांना हे प्रश्न विचारा: रिपोर्टमध्ये नेमकं काय आलंय? पुढची तपासणी कोणती आणि किती दिवसांत? ती कुठे होते, कोणत्या वारी? खर्च किती? मी नाही केली तर काय होऊ शकतं?

४. एकटीने जाऊ नका. सोबत असलं की भीती निम्मी होते आणि डॉक्टर काय म्हणाले ते दोघींच्या लक्षात राहतं. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसं आधीच सांगा.

५. पुढे कॅन्सरचं निदान झालंच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेत त्यावरचे उपचार आहेत. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा.

६. दोन पाळ्यांच्या मधे, संबंधांनंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल, किंवा घाण वासाचा स्राव जात असेल, तर कुठल्याही तारखेची वाट पाहू नका. आधीचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी लगेच दाखवा.

घरातल्या पुरुषांनाही एक काम आहे. 'तुला काही झालं नाहीये, उगाच घाबरू नकोस' असं म्हणून विषय संपवू नका. 'कोणत्या तारखेला जायचं? मी येतो' असं म्हणा.

आणि आता वाचून झाल्यावर एक आठवून पाहा. आई, मावशी, काकू, वहिनी, घरकामाला येणाऱ्या ताई, यांच्यापैकी कुणी मधे तपासणी केली होती का? तिचा रिपोर्ट काय आला, ते तिला विचारलं होतं का? नसेल विचारलं तर आज फोन करा. कपाटात साड्यांखाली ठेवलेला एखादा कागद कदाचित अजूनही वेळेत बाहेर येईल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. वय, गरोदरपण आणि इतर आजार यांनुसार सल्ला बदलू शकतो. त्यामुळे स्वतःचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.)